छातीएवढी फुलं

चनबसप्पा वर्गात शिरला आणि सरळ दंडवते सरांच्या पायाशी वाकला, तेव्हा सर फळ्यावर डॅफोडिलचं चित्र काढत होते. खडू पांढरा, फूल पिवळं. ही अडचण सर दरवर्षी तोंडी भागवत.

"अरे, तू! कधी आलास मँचेस्टरहून?"

"परवा, सर. घरी तोंड दाखवलं आन् शाळा गाठली."

चनबसप्पाच्या वडिलांची सुताची पेढी. गिरणीतली यंत्रं शिकायला त्यांनी पोराला विलायतेला धाडलं होतं. तीन वर्षांत अंगावर सूट चढला होता. जीभ मात्र सोलापुरातच राहिली होती.

सरांना घाम फुटला. मार्चात सोलापुरात तो सगळ्यांनाच फुटतो, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. इंग्रजी सहावीला 'इंग्लंडच्या खेड्यातला वसंत' हा धडा चालू होता, आणि या धड्यापुरते दंडवते सर विलायतेला जाऊन आलेले होते. एरवी ते मुंबईच्या पुढे गेले नव्हते. बारा वर्षांपूर्वी एका पोरानं विचारलं होतं, "सर, तुम्ही बघितलीत ही फुलं?" उकडत होतं, घंटेला पाच मिनिटं होती. सर "हो" म्हणाले. एवढंच. त्या वर्षी फुलं गुडघ्याला लागत होती. सरांनी मोहोळकडची करडई पाहिली होती. तीच पिवळी फुलं विलायतेला नेताना तिचे काटे तेवढे काढून टाकले होते. पुढं फुलं दरवर्षी थोडी थोडी वाढत गेली. चनबसप्पाच्या वर्षी ती कमरेला आली होती. हल्ली छातीला लागत.

"तुमची फुलं बघून आलो की, सर," चनबसप्पा म्हणाला. "गावाचं नाव तुम्ही सांगितलं नव्हतं. म्हणून तीन गावं हिंडलो. सगळी सुट्टी त्यातच गेली. घरमालकीण हसायली, म्हणे एवढं काय आहे त्या फुलांत? म्हटलं, बाई, आमच्या सरांनी बघितलीत."

सरांनी डाव्या हातातला खडू उजव्या हातात घेतला. मग परत डाव्या.

"कशी होती हो?" पहिल्या बाकावरून आवाज आला.

"लई झ्याक. चर्चच्या मागं उतार होता, सगळा पिवळा. थंडी मरणाची, पण उठूच वाटंना. तितंच बसून पाव खाल्ला. सरांचा आवाज कानात येत होता. डोळ्यांत पाणी आलं बघा, खोटं कशाला सांगू?"

सर खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहू लागले.

"केवढी असतात?" त्याच पोरानं विचारलं.

चनबसप्पाचा हात सहज गुडघ्याशी गेला. तिथं तो थांबला. चनबसप्पानं सरांकडे पाहिलं. सरांनी कडुनिंबाकडे पाहणं चालू ठेवलं.

हात सावकाश वर आला आणि कमरेशी टेकला.

"एवढी."

"पण सर तर छातीएवढी म्हणाले!" पोरगं चिवट होतं.

"व्हय, व्हय," चनबसप्पा घाईनं म्हणाला. "पुढच्या गावात होती की तसली. माझ्याच ध्यानातनं गेलं." आणि हात कोटाच्या वरच्या गुंडीपर्यंत चढला.

वर्गानं समाधानानं सुस्कारा टाकला. पोरानं वहीत लिहून घेतलं. आता कुणी शंका घेणार नव्हतं. प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार मिळाला होता. पुढच्या वर्षी फुलं डोक्यावरून नेली तरी चालण्यासारखं होतं.

आजही घंटेला पाच मिनिटंच होती. गप्प राहून ती सहज काढता आली असती. बारा वर्षांचा सराव होता.

सर फळ्याकडे वळले. काढलेलं फूल त्यांनी तळहातानं पुसलं. पाठमोरेच राहून म्हणाले,

"हात खाली घे, चनबसप्पा. अगदी पहिल्यांदा होता तिथं."

आवाज जरा चढलाच. मागच्या बाकावर प्रश्न विचारायला वर झालेले तीन हात मुकाट्यानं खाली गेले.

चनबसप्पाचा मात्र छातीशीच राहिला.