सहा खांबी

"चार खांबी की सहा खांबी?" वेल्डरने खडू कानामागे खोचत विचारलं.

शेडच्या मधोमध जीप उभी होती. गाडी उलटली तरी छत डोक्यावर येऊ नये म्हणून तिच्यात आतून लोखंडी पाइपांचा सांगाडा, म्हणजे केज, बसवायचा होता. लोखंड कापण्याआधी वेल्डर नळाच्या प्लास्टिक पाइपांचा नमुना उभा करून बघायचा. तसा तो आत्ता गाडीत उभा होता, सांध्यांना चिकटपट्टी गुंडाळलेली.

"चार खांब म्हणजे पुढच्या दोघांपुरतं," तो म्हणाला. "मागे कुणी बसणार असेल तर सहा."

"चार पुरेत," बायको घाईघाईने म्हणाली.

"आणि ही?" नवऱ्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "सगळा खटाटोप हिच्यासाठीच चाललाय. तूच म्हणालीस ना, केज बसवल्याशिवाय पोरगी या गाडीत बसणार नाही?"

ती म्हणाली होती. सात महिन्यांपूर्वी, गाडी दोघांना घेऊन डोंगरउतारावर उलटली त्याच आठवड्यात. पोरगी तेव्हा मावशीकडे होती म्हणून त्यातून सुटली. पोरीला पुन्हा गाडीत बसवायला सरळ नाही म्हटलं असतं तर घरात महिनाभर धुसफूस झाली असती, म्हणून तिने अट घातली. नवरा कंटाळा करेल, विसरून जाईल, असा तिचा अंदाज होता. घरातला गळका नळ त्याने दोन वर्षं दुरुस्त केला नव्हता. केजच्या बाबतीत मात्र तो हात धुऊन मागे लागला. आता अट पुरी होत आली होती आणि तिला मागे फिरायला जागा उरली नव्हती.

"सहा खांबी," नवऱ्याने सांगून टाकलं.

"मग आधी परीक्षा," वेल्डर म्हणाला. हा त्याचा नियम होता. गाडीत जे जे बसणार, त्यांनी डोळे बांधून, पट्टा सोडून, पाइपांमधून आपलं आपण बाहेर पडून दाखवायचं. पंधरा सेकंदांत. एकाला जरी जमलं नाही तर तो केज बनवत नसे, मग गिऱ्हाईक कितीही रुसो. "आत कुणीही बसतं. बाहेर येता आलं पाहिजे."

"आधी हिचीच घ्या," नवरा हसत म्हणाला. "हिला साधं बरणीचं झाकण उघडत नाही. मागच्या वेळी मीच ओढून काढलं हिला."

ही गोष्ट तो सात महिने येईल त्याला सांगत होता. ती कधी मध्ये बोलली नव्हती. आज परीक्षेचं ऐकून मात्र तिच्या जिवात जीव आला होता. नापास व्हायचं. नुसतं बसायचं, थोडं चाचपडायचं, पंधरा सेकंद जाऊ द्यायचे. मग केज नाही आणि पोरगीही गाडीत नाही.

नवरा स्टिअरिंगमागे बसला, त्याने पट्टा लावला. ती त्याच्या डावीकडे बसली आणि तिनेही लावला. वेल्डरने तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. मुलगी फोन हातात घेऊन सेकंद मोजायला उभी राहिली.

प्लास्टिकचा पाइप कानाला घासत होता. पेट्रोलचा वास येत होता. गॅरेजमध्ये तो यायचाच, असं तिने मनाला बजावलं.

"सुरू," वेल्डर म्हणाला आणि त्याने पत्र्यावर धाडकन हात मारला.

त्या आवाजासरशी ठरवलेलं सगळं डोक्यातून उडालं. तिचा डावा हात वर गेला आणि छताला घट्ट टेकला. उजव्याने तिने आपला पट्टा सोडला. मग तोच हात शेजारी गेला, नवऱ्याच्या छातीवरून खाली, थेट बकलावर. त्याचाही पट्टा सुटला. तिने त्याची कॉलर मुठीत धरली आणि "डोळे उघड, इकडे बघ, चल" असं दबक्या आवाजात म्हणत त्याला आपल्या दाराकडे ओढत ती बाहेर पडली.

"अकरा," मुलगी म्हणाली.

तिने रुमाल काढला. नवरा तिच्या सीटवर अर्धा आडवा झाला होता. त्याच्या शर्टचं वरचं बटण तुटलं होतं. तो कुणाकडेच बघत नव्हता.

"छताला हात का लावलात?" वेल्डरने विचारलं. "गाडी तर सरळ उभी आहे."

तिने रुमालाची घडी घालून त्याला परत दिला.

"उलटं लटकलेलं असताना पट्टा सोडला की माणूस डोक्यावर आपटतो," तो म्हणाला. "ज्याने कधी सोडलाय तोच आधी हात टेकवतो." त्याने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "पास."

"बाबा," मुलगी म्हणाली, "तू तर म्हणायचास, तू आईला काढलंस."

आता हा खरं बोलेल, गाडी विकून टाकू म्हणेल, असं तिला क्षणभर अगदी मनापासून वाटलं. नवरा सावरून बसला. त्याने कॉलर नीट केली.

"बघितलंत?" तो वेल्डरला म्हणाला. "ही बरोबर असली की पोरीची मला काळजीच नाही. घ्या सहा खांबांचं माप."

मुलगी तोवर मागच्या सीटवर चढलीही होती. वेल्डरने तिच्या डोक्यापासून पाइपापर्यंत टेप धरली, पाइपावर खडूने खूण केली आणि थोडी वर दुसरी केली. "दोन वर्षांची वाढ धरतो," तो नवऱ्याला म्हणाला. "आता हिची परीक्षा, शेवटी तुमची."

मुलीने पट्टा लावला. रुमाल मागून घेऊन स्वतःच डोळ्यांवर बांधला. मग डावा हात वर केला, बोटं ताणली, सीटवरून थोडी उचलली गेली.

"आई, माझा हात छताला पोचत नाहीये," ती म्हणाली. "असू दे. तू सुरू म्हण."