गाण्याची प्रत

चिटणिसांनी तिसऱ्यांदा ते गाणं लावलं आणि तिसऱ्यांदा बंद केलं. कानठळ्या बसल्या, कळलं काहीच नाही. हेवी मेटलवाल्या पोरांचं ते गाणं. नावच ‘देवाचे दलाल’. निंदा उघड होती, पण ती नेमकी कुठल्या शब्दांत आहे हे कागदावर आल्याशिवाय धर्मसभेला त्यांचा कार्यक्रम बंद पाडता येत नव्हता.

“मावशींना द्या,” अध्यक्ष म्हणाले. “त्यांचे कान तिखट आहेत.”

मावशी म्हणजे सभेच्या टंकलेखिका. सव्वीस वर्षं सभेचं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून गेलेलं. त्यांनी टाइप केलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रजा म्हणाल तर एकदाच, थोरली बहीण गेली तेव्हा. तीही अर्ध्या दिवसाची. कधी तोंडातून ब्र नाही.

दुपारभर त्या हेडफोन लावून बसल्या. मध्ये एकदा डोळे पुसताना दिसल्या, तेव्हा चिटणिसांना त्यांची दया आली. या वयात बाईला काय काय ऐकावं लागतंय, असं त्यांच्या मनात आलं.

संध्याकाळी कागद तयार होता. एकही खाडाखोड नव्हती.

दुसऱ्या दिवशी गायकाला बोलावलं. केस पाठीवर रुळणारे, पण बसला मात्र मुख्याध्यापकांसमोर बसावं तसा. मावशी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत होत्या. चिटणिसांनी कागद वाचायला घेतला.

“देव तुमच्या कुलपात मावत नाही, तरी किल्ली तुमच्याच कमरेला. थोरलीने नवरा सोडला होता, म्हणून तिला शेवटची प्रार्थनाही नाही. नकाराचं पत्र आलं तेव्हा तिचं अंग पुरतं गारही झालं नव्हतं.”

चिटणीस अडखळले. असली पत्रं त्यांच्याही सहीने गेली होती. कुणाकुणाला, ते आता आठवत नव्हतं. शब्द जिव्हारी लागले, आणि त्या पोराचा त्यांना जास्तच राग आला.

“माफी लिहून दे,” अध्यक्ष म्हणाले, “नाहीतर या गावात पुन्हा गाता येणार नाही.”

गायकाने कागद मागून घेतला. सावकाश, दोनदा वाचला.

“फार खरं लिहिलंय,” तो म्हणाला. “पण हे माझं नाही, साहेब. मला शब्दच सुचले नव्हते. त्या गाण्यात मी नुसता ओरडतो.”

चिटणिसांनी कोपऱ्याकडे पाहिलं. मावशी मान खाली घालून तेही वाक्य इतिवृत्तात लिहून घेत होत्या.