पाहुणे वाडगं बघून गेले

पाहुण्यांचा डोळा मुलीवर नव्हताच. सिताबाईनं सैपाकघराच्या दारातून चारदा बघितलं, आणि चारही खेपेला कल्याणप्पा पाहुण्याची मान बाहेर, मेंढरांच्या वाडग्याकडं वळलेली. पोरगी समोर पाटावर खालमानेनं बसलीय, आणि होणारा सासरा बघतोय काय, तर काटेरी कुंपण!

सिताबाईच्या मनात पाल चुकचुकली. कळलं का काय यांना?

अकरा वर्षांमागं त्याच वाडग्यात तिचे थोरले दीर, बिरदेव, कुऱ्हाडीच्या घावानं मरून पडले होते. कुणी मारलं ते आजवर कळलं नाही. पोलिसांनी तिच्या नवऱ्याला, महारुद्रला, आठ दिवस बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. पोलिसांनी सोडलं, पण लोक कुठले सोडायला! पारावर रोज नवा खुनी सापडायचा. मागल्या साली कुणीतरी वाडगं दाखवून त्या खुनाच्या गोष्टीचा व्हिडिओ केला, आणि माकणीपासून उमरग्यापर्यंत माणसं जेवता जेवता बिरदेवचा खून बघू लागली. लेकीची, दीपालीची, तीन स्थळं त्यापायी मोडली. हे चौथं. म्हणून तर सिताबाईनं आज मेंढरं लवकर रानात धाडली होती आणि वाडग्याच्या तोंडाशी कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या.

"वाडगं हेच का हो?" कल्याणप्पानं एकदाचं विचारलं.

पानाचं ताट पुढं करणारा महारुद्रचा हात तिथंच थांबला. "व्हय. हेच."

"मंजी, व्हिडिओतलं?"

संपलं, सिताबाईला वाटलं. झाकली मूठ उघडली. आता हात धुतील आणि उठतील.

पण कल्याणप्पा हसला. "घाबरता कशाला? आमाला पहिल्यापास्नं ठाव हाय. ठाव असूनच आलोय."

सिताबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ठाव असून आले! बिरोबा, असली माणसं अजून हायत रे बाबा.

पाहुणे उठले ते थेट वाडग्यावर गेले. नवऱ्या मुलानं, रुद्रेशनं, पेंढ्या बाजूला सारून मोबाईल आत धरला. त्याच्या आईनं विचारलं, "डोकं कुणीकडं होतं?"

महारुद्रनं बोट दाखवलं. लेकीचं लग्न व्हावं म्हणून त्यानं तेही दाखवलं.

कल्याणप्पा त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "आता सोयरंच व्हायचं, तर आपसांत काय लपवायचं? खरं सांगा. तुमीच ना?"

"बिरोबाची आण. भाऊ होता माझा."

कल्याणप्पाचं तोंड असं उतरलं, जसं भाजीत मीठच नाही. खांद्यावरचा हात त्यानं काढून घेतला.

निघताना सिताबाईनं रुद्रेशच्या आईला कुंकू लावलं.

"परत येतो आमी," बाई म्हणाली.

परत येतो! स्थळ पसंत पडल्याबिगर असं कोण म्हणतं? सिताबाईचा जीव भांड्यात पडला. "कवा येताल?"

"अमावस्या झाली की. माझ्या भैणीला आणते, तिला असलं बघायची लई हौस. तेवढी मेंढरं आत ठेवा, मंजी व्हिडिओतल्यावानी दिसंल."

गाडी धुरळा उडवत गेली. सिताबाई कुंकवाचा करंडा हातात धरून घरात आली.

दीपाली अजून पाटावरच होती, डोक्यावर पदर, मान खाली. पाहुण्यांनी ऊठ म्हटल्याबिगर उठायचं नसतं, हे आईनंच तिला सकाळी बजावलं होतं.

"आई, त्यांनी माझं नावसुद्धा न्हाय इचारलं," ती म्हणाली. "उठू का आता?"