जवसाची पैज

"कोंबडीला जवस चारलं की अंड्यातली चरबी बदलते होय? मग मलाही बदाम चार, अक्कल वाढते का बघू," असं नवरा म्हणाला, तेव्हा सूनबाईनं पैजच मारली. एका खुराड्यात जवस मिसळलेलं खाद्य, पलीकडच्या खुराड्यात नेहमीचं. सहा आठवड्यांनी दोन्हीकडची अंडी तपासायला पाठवायची. फरक निघाला तर सगळ्याच कोंबड्यांना जवस, नाहीतर तिनं हा नाद कायमचा सोडायचा.

आज अहवाल आला. दोन्हीकडची अंडी अगदी सारखी, तिळमात्र फरक नाही. नवरा मिशीतल्या मिशीत हसत कामाला निघून गेला. सूनबाई एवढंसं तोंड करून उरलेलं जवसाचं पोतं उचलायला लागली, तशा सासूबाई लगबगीनं आडव्या आल्या.

"अगं, ते कुठे नेतेस? पलीकडच्या कोंबड्या वाट बघत असतील ना!"

"पलीकडच्या?"

"मग! इकडच्यांनी मिटक्या मारत खायचं आणि त्या बिचाऱ्यांनी जाळीतून टुकूटुकू बघायचं? तुझी पाठ वळली की त्यांनाही ओंजळभर टाकते मी, अगदी पहिल्या दिवसापासून. माझ्या हातून नाही होत बाई असला दुजाभाव."