नेट लावू नये

तळोद्याजवळच्या आमच्या शाळेत रेणू फिरवून दाखवणारं प्लगइन फक्त जुन्या ब्राउझरवर चालतं, म्हणून मी संगणकावर चिठ्ठी चिकटवली होती: ‘याला नेट लावू नये.’ महिनाभर खटपट करून आज पाण्याचा रेणू पडद्यावर आणला, मुलं बघायला सरसावली, तोच तपासणीचे साहेब आले. “नेट नाही? काय हे गुरुजी!” म्हणत त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून नेट जोडून दिलं. ब्राउझर आपोआप अपडेट होऊ लागला. वीस टक्के, चाळीस... शंभर झाले की रेणू गेला! पण साहेबांना थांबवणार कोण? एवढ्यात आठवीतली रूपाली बाकाखाली शिरली आणि पडदा काळा झाला. “लाईट गयी, सायेब! आठे गावमा रोजनंच शे,” ती उपटलेली वायर लपवत म्हणाली. साहेबांनी वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. कोरडं कपाळ रुमालानं पुसत ते म्हणाले, “फारच उकडतंय!”