कंगव्याचा निर्वाळा

"अण्णा गेल्याचा धक्का आहे हा, दुसरं काय!" उशीवरून गोळा केलेले केस पुराव्यासारखे दाखवत उपेंद्र हल्ली भेटेल त्याला हेच सांगायचा. आईलाही ते पटलं होतं. तीन महिन्यांपूर्वी वडिलांच्या दहाव्याला त्याने डोक्याला वस्तरा लावू दिला नव्हता. "ऑफिसात लोक हसतील," म्हणाला होता. तेव्हापासून तुटक बोलणाऱ्या आईने आज मात्र त्याला पुढ्यात बसवून मायेने डोक्याला तेल चोळलं. मग सुनेने आणलेला, केसांची तपासणी करून निदान सांगणारा बोलका कंगवा उचलून त्याच्या केसांतून फिरवला.

"तो नको," असं उपेंद्र म्हणेपर्यंत कंगवा बोलूनही गेला, "गेल्या काही महिन्यांत कुठल्याही धक्क्याची खूण नाही. केस मुळापासून बारीक होत चालले आहेत. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी टक्कल सुरू झालं आहे. कारण आनुवंशिक."

भिंतीवरच्या फोटोत अण्णांचं टक्कल चकाकत होतं. आईने कंगव्यात अडकलेले केस सोडवून लेकाच्या तळहातावर ठेवले.

"जायचेच होते रे," ती म्हणाली. "दहाव्याला काढले असतेस, तर निदान त्यांच्यासाठी तरी गेले असते."