गजराबाईंचा पत्ता

“मी जित्ती हाय का न्हाय, तेवढं सांगा,” गजराबाई अध्यक्षांच्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या.

महारुद्रअण्णांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते हसले. शेळ्या पाळणाऱ्या बायकांच्या संघाचं काम उमरग्याच्या या ऑफिसातून चालायचं. संघ बायकांचा होता, अध्यक्ष मात्र अण्णा.

गजराबाई माकणीहून जीपनं आल्या होत्या. डोक्यावरचा पदरही सारखा न करता त्यांनी झालेलं सांगितलं. सकाळी बिदरहून फोन आला. दरवर्षी त्यांच्याकडून बोकड नेणारा माणूस. यंदाचे बोकड बघायला त्यानं नेहमीसारखं मोबाईलवर त्यांचं पान उघडायला घेतलं, तर तिथं लिहून आलं की, तुम्ही शोधताय ते अस्तित्वात नाही. बिचारा घाबरला. फोन गजराबाईंनीच उचलला होता, पण आवाज ओळखायच्या आधीच तो विचारून बसला, बाई कधी गेल्या.

कॉम्प्युटरवर बसलेल्या निकिताचे हात थांबले. संघाची आधीची वेबसाईट तिनं केली होती. प्रत्येक बाईला आपलं एक पान. पानाच्या पत्त्यात संघाच्या नावापुढं फक्त दोन शब्द, गाव आणि बाई. माकणी, गजराबाई. अक्षरं इंग्रजी, पण पत्ता फोनवर सांगता यायचा आणि ऐकणाऱ्याला लिहून घेता यायचा. उघडायच्या आधीच कळायचं की आत कोण आहे. गजराबाईंनी तो गोठ्याच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात रंगवून घेतला होता. कुणी गुगलवर माकणीची उस्मानाबादी शेळी शोधली, की पत्त्यातले शब्द जुळायचे आणि गजराबाई सगळ्यात वर दिसायच्या.

मग अण्णांच्या पुतण्यानं, रणधीरनं, नवी वेबसाईट चढवली. निकिताला कुणी विचारलं नाही. जुने पत्ते एका दिवसात मेले. नव्या पत्त्यांत ना गाव होतं ना बाई. एक प्रश्नचिन्ह, एक बरोबरचं चिन्ह आणि पुढं नुसते आकडे. जुना पत्ता टाकणाऱ्याला नव्या पानावर तरी पोचवा, असं निकितानं रणधीरला सांगून बघितलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, पत्ता कोण वाचतंय मॅडम, लोक क्लिक करतात, तुम्ही पहिलं पान बघा. पहिल्या पानावर फेटा बांधलेल्या अण्णांचा फोटो होता. खाली त्यांचं नाव आणि त्यांचा फोन नंबर.

आत्ताही शेजारच्या कॉम्प्युटरवर बसलेला रणधीर समजुतीच्या सुरात बोलू लागला. मावशी, मशीनला नावाची गरज नसते, आकड्यानं काम भागतं. तुमचं पान कुठं गेलं नाही, आतच आहे, फक्त शोधावं लागतं.

“कुणी शोधायचं?” गजराबाईंनी विचारलं.

रणधीर स्क्रीनकडं वळला. गजराबाईंनी निकिताकडं वळून विचारलं की, हे नीट करता येतं का.

निकितानं एकदा अण्णांकडं बघितलं. इतके दिवस ती त्यांच्यासमोर बोलली नव्हती, आणि त्याचाच तिला आता राग आला. ती म्हणाली की करता येतं. नव्या पत्त्यांत गावं आणि नावं परत घालायची, आणि जुने पत्ते त्यांच्याकडं वळवायचे. अवघड काहीच नाही. मग ती थांबलीच नाही. बिदरचं, सोलापूरचं गिऱ्हाईक बायकांना शोधायला येतं आणि अण्णांच्या फोटोपाशी पोचतं. तिथून अण्णांना फोन लावतं. वेबसाईट बदलल्यापासून किती बायकांचे फोन वाजले, ते एकदा त्यांनाच विचारा.

अण्णांचं हसू गेलं. “निकिता, तू इथं नोकरीला हायस. ध्यानात ठेव.”

“संघाच्या नोकरीला आहे, अण्णा.”

गजराबाई टेबलाच्या बाजूनं पुढं झाल्या आणि रणधीरच्या स्क्रीनवरच्या फेट्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“नावाची गरज न्हाय म्हणता न्हवं? मग ह्यांचं नाव पुसा. तिथं आकडा लिवा.”

त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी बाहेर पायरीवर बसलेली दोन माणसं उठून दारात आली. अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं, मग पुतण्याकडं. बाईंचं काय ते करून टाक आणि मिटव, असं ते तोंडातल्या तोंडात म्हणाले आणि चहा उचलला. तो निवला होता.

रणधीर कामाला लागला. एक-दोनदा चुकला. कुठला पत्ता कुठं न्यायचा ते निकितानं मागं उभं राहून सांगितलं. शेवटी तिनं गजराबाईंच्या मोबाईलवर जुनाच पत्ता टाकला, माकणी, गजराबाई. पान उघडलं. काळीभोर, लांब कानांची शेळी, तिच्या गळ्याशी हात घालून उभ्या असलेल्या गजराबाई, आणि खाली त्यांचाच नंबर.

रणधीरनं खुर्ची मागं ढकलली. झालं मावशी, आता जीप सापडंल तुम्हाला, निघा म्हणाला.

गजराबाईंनी मोबाईल पिशवीत टाकला. भिंतीकडची खुर्ची ओढत आणली आणि त्याच्या शेजारी मांडून बसल्या.

“माझं झालं,” त्या म्हणाल्या. “आता परंड्याच्या कमलबाईचं घ्या.”